रेइनोचं शिसं

३ ऑक्टोबर

पोहोचले एकदाची. शाळेची बस चालवायची नोकरी आणि राहायला अख्खं घर, माझ्यासारख्या एकटीला आणखी काय हवं. टामोला गाव एवढंसं आहे की दुसरा गिअर टाकेपर्यंत संपतं. घरमालकीण आइली शेजारच्या घरात राहते. सत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ. मी सामान उतरवेपर्यंत बाई वेलदोड्याचा गरम पाव घेऊन दारात हजर. तिचा नवरा रेइनो पाच वर्षांपूर्वी शिकारीत अपघाताने गेला. तळघरात त्याचं काडतुसं भरायचं यंत्र, शिसं वितळवायचं भांडं, साचे, तराजू सगळं जिथल्या तिथे आहे. मी ते पाहून अशी हरखले की आइलीला हसू आलं. मी तिला सांगितलं, माझ्या बापाला मुलगा नव्हता आणि मला बाहुल्या आवडत नव्हत्या, म्हणून शनिवारी आम्ही दोघं काडतुसं भरत बसायचो.

७ ऑक्टोबर

बसची देखभाल करणारा उर्हो हा आइलीचा धाकटा भाऊ निघाला. साठीचा आहे, हात तेलाने काळे आणि तोंड अखंड चालू. मी हरणाची शिकार रायफलने नाही, चव्वेचाळीस कॅलिबरच्या रिव्हॉल्वरने करते हे कळल्यावर त्याने पाना खाली ठेवला. "आणि गोळी कुठली घालतेस गं त्यात?" मी म्हटलं, तांब्याचं कवच असलेली, टोकाला पोकळ. आत गेली की फुलते.

"ससा फाडायचाय की हरीण पाडायचंय? ती फुलते आणि आतच बसते. मग हरीण जातं पळत आणि तू बस माग शोधत."

त्याच्या मते हरणाला जड, कडक शिशाची, सपाट नाकाची गोळी हवी. ती एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि बर्फावर रक्ताचा माग सोडते. आम्ही तासभर भांडलो. शेवटी तो म्हणाला, पंधरा नोव्हेंबरला रानातल्या आमच्या शिकारीच्या झोपडीवर ये, तिथेच काय ते ठरवू. मोसमाचा तो पहिला दिवस, त्या दिवशी शाळासुद्धा बंद असते. नव्या माणसाला पहिल्याच वर्षी झोपडीवर बोलावत नाहीत म्हणे. मला फार बरं वाटलं. या गावाने मला आपलं म्हणावं असं मला खरोखर वाटतं.

१२ ऑक्टोबर

आज आइलीने एक काम सांगितलं. रेइनोने भरून ठेवलेली काडतुसं सोडवायची. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हा नियम इथेही पाळतात. आत दारू किती घातली ते भरणाऱ्यालाच ठाऊक, आणि चुकून दुप्पट पडली असेल तर बंदूक हातात फुटते. म्हणून माणूस गेला की त्याची काडतुसं सोडवतात. गोळी उपसायची आणि दारू बागेत पसरायची. दुपारभर मी तेच केलं.

फळीवर एका डब्यात नुसत्या गोळ्याही होत्या. शिशाच्या, जड, सपाट नाकाच्या. एकीवरही सुरकुती नाही, वजनात केसाचाही फरक नाही. मी इतकं सुबक ओतकाम बघितलेलं नाही. आइली म्हणाली, या टाकू नकोस, तू स्वतः भर आणि वापर. नियम दुसऱ्याच्या दारूचा आहे, शिशाचा नाही. शिशाने काय कुणाचं घोडं मारलंय? मी माझे पितळी कोश, माझी दारू घेऊन बेताचे बार भरले आणि धक्क्याने गोळी पुढे सरकू नये म्हणून कोशाची कड नीट आवळून घेतली.

१८ ऑक्टोबर

खडीच्या खाणीत कागद लावून नेम तपासला. माझ्या तांब्याच्या गोळ्या मधल्या ठिपक्याभोवती पांगल्या. रेइनोच्या गोळ्या मात्र सगळ्या एकाच भोकातून गेल्या, पण ते भोक ठिपक्याच्या चार बोटं उजवीकडे. उर्हो उजवीकडेच ट्रकच्या फळीवर कॉफी पीत बसला होता. म्हणाला, मनगट वळवतेस बाई, बस चालवून सवय लागलीय. मी रिव्हॉल्वरवरची नेम धरायची खाच सरकवली. मधेच त्याला ऊन लागायला लागलं म्हणून तो डावीकडे जाऊन बसला. मी परत बार काढले. भोक डावीकडे पडलं.

त्याने या वेळी चेष्टा केली नाही. कॉफी मातीत ओतली आणि घरी जाऊ म्हणाला.

आइली कुंपणापाशी वाट बघत होती. गोळ्या कुठे लागल्या, असं तिने विचारलं. म्हातारीला एवढी हौस असेल असं वाटलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर

आज मुद्दाम एकटी गेले. रिव्हॉल्वर वाळूच्या पिशवीवर टेकवलं, म्हणजे मनगटाचा प्रश्नच नको. सहा बार काढले. कागदावर सहा भोकं एका ओळीत पडली, डावीकडून उजवीकडे, मुंगी चालत जावी तशी. मी बघतच राहिले. तेवढ्यात उजवीकडच्या वळणावरून उर्होचा ट्रक आत आला. खाणीमागच्या रस्त्याने, डावीकडून उजवीकडे आला होता.

मी कागद उतरवून खिशात घातला. उर्होला म्हटलं, थंडी फार आहे, निघते.

आइलीने पुन्हा विचारलं, कुठे लागल्या. मी म्हटलं, मध्यावर.

१ नोव्हेंबर

उर्होच म्हणाला, परत करून बघू. मी नको म्हणत होते. तो माझ्या मागे उभा राहिला, चांगला दहा पावलं मागे, आणि मी समोर बार काढला. कागद कोरा राहिला. गोळी समोरच्या दगडावर आपटून मागे फिरली आणि त्याच्या कोपराजवळच्या खांबात घुसली. दगडावरून गोळी उलटू शकते, मला माहीत आहे. पण खांबातून उपसून काढली तेव्हा तिचं नाक सपाट होतं, जसंच्या तसं. दगडाचा ओरखडासुद्धा नव्हता.

यापुढे त्या गोळ्या वापरणार नाही.

४ नोव्हेंबर

आइलीला सरळ विचारलं, या गोळ्या रेइनोने ओतल्या का. तिने पावाचं पीठ मळता मळता सांगितलं, नाही, मी ओतल्या.

रेइनो मोसमाच्या पहिल्या दिवशी मेला. रानात शंभर माणसं होती. कुणाची गोळी ते कळलं नाही, कुणी पुढे आलं नाही. त्याच्या छातीतून काढलेली गोळी पुढे एका पाकिटात घालून तिला परत दिली. तिने ती भांड्यात टाकली, वर त्याचंच उरलेलं शिसं टाकलं आणि सगळं एकत्र वितळवून साच्यात ओतलं.

"ज्याच्या हातून निघाली, त्याच्याकडे परत जाईल. मला फक्त नाव कळायला हवं. तू नवी आहेस, तुझं इथे कुणाशी वैर नाही. कुठे लागतात, खरं सांग."

मी परत म्हणाले, मध्यावर. तो तिचा सख्खा भाऊ आहे. दर रविवारी तिच्या टेबलाशी बसून जेवतो.

८ नोव्हेंबर

डबा घेऊन सरोवराच्या धक्क्यावर गेले आणि सगळ्या गोळ्या पाण्यात ओतल्या. भरलेली काडतुसंसुद्धा. सुटल्यासारखं वाटलं.

९ नोव्हेंबर

डबा फळीवर आहे. भरलेला. गोळ्या ओल्या आहेत.

११ नोव्हेंबर

उर्होला सगळं सांगितलं. तो बसच्या पायरीवर बसला. म्हणाला, पहिल्या भोकालाच कळलं होतं. संध्याकाळ होती, झाडीत तपकिरी काहीतरी हललं, त्याला हरीण वाटलं. त्यानेच रेइनोला खांद्यावर घालून रस्त्यापर्यंत आणलं. सगळ्यांना ते दिसलं, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय गेला नाही. "ताईला सांगायला दर रविवारी जातो, व्हर्ना. ती ताट वाढते. मग मी जेवतो."

मी येत नाही म्हटलं झोपडीवर. तो म्हणाला, आली नाहीस तर ताई ओळखेल. रिव्हॉल्वर घरी ठेव. नुसती बस माझ्याबरोबर.

मला हा माणूस मरायला नको आहे. बाकी कशाचं काही वाटत नाही आता.

१४ नोव्हेंबर

रिव्हॉल्वर कपाटात, कुलूप लावून. गोळ्या काढून. गोळ्या भरायची चकरी रिकामी, दोनदा बघितली.

आइली वाटेत खायला पास्टी, म्हणजे मांस भरलेली मोठी भाजलेली करंजी, करून देते म्हणाली. ती माझी पिशवी भरून ठेवेल. मी तिला आत येऊ देणार नव्हते, पण घरातल्या सगळ्या किल्ल्या तिच्याकडेही—

१५ नोव्हेंबर

उजाडलं. मचाणावर एकटी आहे. उर्हो मला इथे बसवून स्वतः ओढ्यापलीकडे गेला. माणूस दुरून ओळखू यावा म्हणून दोघांच्याही अंगात नारिंगी कोट. बर्फ पडून गेलाय, सगळं स्वच्छ दिसतं.

पास्टी काढायला हात घातला. खाली फडक्यात रिव्हॉल्वर. चकरीत सहा, करडी सपाट नाकं. आइलीने—

सहाही काढून खाली बर्फात टाकली. भोकं दिसतात बर्फात. चकरी रिकामी.

रिकामी नाही.

ओढ्यापाशी काहीतरी तपकिरी. शिंगं नाहीत. हरीण नाही ते. उर्हो आहे. नारिंगी कोट काढून फांदीवर टांगलाय त्याने, तपकिरी सदऱ्यात उभा आहे. इकडे तोंड करून. मी ओरडले. हलत नाही. हात खाली सोडलेत. म्हणतो, बस झालं, व्हर्ना.

उजव्या हातातून रिव्हॉल्वर सुटत नाही. डाव्याने लिहिते. नळी वर केली आहे, सरळ आभाळात. चापावर बोट नाही. घोडा आपोआप मागे—

बार झाला. आभाळात गेला. मी बघितलं, आभाळात गेला. देवा, वाचला. उर्हो उभा आहे. उभा आहे अजून. माझ्याकडे बघत नाही, मान वर करून बघतोय, काहीतरी खाली येताना दिसावं तसा, आणि दोन्ही हात—