दोन महिन्यांचा शिपाई

६ फेब्रुवारी
आजपण आमच्या ह्यांचं कुणी विचारलं न्हाई! पलटणीचा इतिहास लिहिणारा कॅप्टन शरच्चंद्र तळेगावहून आला नि सरळ शेजारच्या भिमाजीच्या ओट्यावर बसला. भिमाजी एकाहत्तरच्या लढाईत होता ना!

शेवटी मीच गेले. म्हटलं, आमचे हे, सोपान, बी तुमच्याच पलटणीत होते. टेरिटोरियल म्हंजे दहा महिने भात नि म्हशी, दोन महिने वर्दी.
"कधी गेले, मावशी?"
एक्क्याऐंशी साली. कॅम्पात, गाडी दरीत पडली. माझा ल्योक, संदेशचा बाप, तवा अंगावर पीत होता.
"म्हणजे लढाई नव्हती. आपल्या पलटणीला एकाहत्तर ते नव्व्याण्णव शांततेचा काळ. पुस्तकात दीड पान."
दीड पान! माझी सगळी जवानी त्यात गेली.

७ फेब्रुवारी
डोकं ठणकतंय. गावात ह्यांना 'दोन महिन्यांचा शिपाई' म्हणून हिणवायचे. शिपाई दोन महिन्यांचा — मेला मात्र कायमचा.

१२ मार्च
कॅप्टन आज आमच्या दारात. सुनेनं, अनितानं, चहा केला. नातू संदेश नवलाख उंबरे गावच्या कारखान्यातनं सुट्टी घेऊन बसलेला.

कॅप्टननं रीत सांगितली. देहूरोडला पलटणीच्या वाढदिवसाला कामी आलेल्या जवानांची नावं पुकारतात. घरचं माणूस उभं राहून 'हाजिर' म्हणतं. पण नावं लढाईतलीच.
म्हटलं, "मग आमच्या ह्यांना इतकी वर्षं गैरहजर मांडलंय व्हय?"
चहावर साय धरली.
"वर विचारून बघतो, मावशी."
"वर विचारा. वर तेच हायत!"
अनितानं मला डोळे वटारले. वटारू दे.

१३ मार्च
संदेश विचारतो, "आजी, आजोबांच्या वर्दीचं काय केलंस?"
गोधडीत घातली. लहानपणी तू तिच्यावरच मुतलास.
हसला न्हाई. एरवी हसतो.

२ ऑगस्ट
लावणी उरकली. कंबर मोडली.
कॅप्टनचा फोन — मान्य झालं! ह्यांचं नाव इतिहासात घेतलं. यंदा पुकारणारपण. दीड पानाची दोन पानं झाली म्हणे.
भिमाजी आला. "वैनी, आता तुमी मोठ्या माणसांत!"
म्हटलं, "बसा. हितं बी ओटा हाय."
रडले न्हाई. एवढ्या वर्षांनी कशाला?

६ ऑगस्ट
संदेशनं पेढे आणले. कारखाना सांभाळून तो पलटणीत लागलाय. चहाच्या दिवशीच कॅप्टनला भरतीचं विचारलं होतं म्हणे, दारापर्यंत पोचवायला गेला तवा. मला आज सांगतो!
अनिता म्हणते, "यंदा आजोबांच्या नावाला संदेशच हाजिर म्हणेल. वर्दीत."

न्हाई. मेलेल्या शिपायाच्या नावाला वर्दीतल्या पोरानं ओ द्यायची न्हाई. पाय चालले न्हाईत तर मला उचलून न्या, पण हाजिर मीच म्हणणार.