परदेशी पानावरचा म्हातारा

मंगळवार, ८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. वहिनीला आठवण सांग. धाकटीचा हलणारा दात पडला का एकदाचा?

तुझं पत्र आणि त्यातलं कात्रण मिळालं. ‘सुट्टीत येत नाही, असल्या लोकांत मुलांना कुठे आणू?’ हेही वाचलं. त्याच्याकडे येतेच, आधी जरा बोलू दे.

कात्रण हातात घेतलं आणि तुझं कपाट आठवलं. बाबांचं वाचून झालं की परदेशाचं पान तुझं. तू आता राहतोस त्या देशाचे फोटो कापून तू दाराला आतून चिकटवायचास. पूल, ट्राम, बर्फातली बाकं. मी म्हणायचे, “तिथे कुणाचेच बूट झिजत नाहीत का रे?” तू म्हणायचास, “गप बस, तुला काय कळतंय!” मग तू तिथे पोचलास आणि पहिल्याच पत्रात लिहिलंस की इथेही नळ गळतात, शेजारी भांडतात. बाबा पोट धरून हसले होते. “हे छापलंच नाही की पेपरवाल्यांनी!”

आता तिकडच्या पेपरात आम्ही फक्त जळताना दिसतो. त्यांना आम्ही असलेच वाटलो तर समजू शकते. पण तू तर ह्याच रस्त्यावर सायकल शिकलास.

कात्रणातली ती बस जळली हे खरं आहे. आपल्याच चौकात, वह्यांच्या दुकानासमोर. माणसं आधीच उतरली होती. दुसऱ्या दिवशी दुकानदार काच पुसत कुरकुरत होता, “आता वर्षभर वह्यांना धुराचा वास!”

फोटोत पुढे एक म्हातारा आहे. हात उगारलेला, तोंड वासलेलं. तू त्याच्याभोवती पेनानं गोल काढून ‘हे बघ’ लिहिलंयस. त्याचा चष्मा त्या दिवशी दुरुस्तीला टाकला होता. धुरात त्याला त्याची मुलगी दिसेना, म्हणून तो ओरडत होता, “तिथेच थांब गं, मी येतो!” मी रस्त्याच्या पलीकडे होते, फोटोत आले नाही.

दादा, ते बाबा आहेत.

स्वतःला फार बोल लावू नकोस. आई गेल्यापासून ते वाळलेत, दाढी वाढवलीय. समोरून आले तर मीही कधीकधी दचकते.

पत्र मी लपवलं, पण कात्रण त्यांच्या हाती लागलं. त्यांनी स्वतःला लगेच ओळखलं. “अगं, परदेशी पेपरात मी!” म्हणत शेजारच्या काकांना दाखवून आले. फोटोखाली तिकडच्या भाषेत ‘संतप्त जमाव’ छापलंय. काय लिहिलंय विचारल्यावर मी म्हटलं, “रस्त्यावरचे लोक.” त्यांनी मान डोलावली. मग त्या गोलावरून बोट फिरवत म्हणाले, “बघ, एवढ्या गर्दीत त्यानं मला बरोबर शोधून काढलं.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून ते फोनच्या खोलीत खुर्ची टाकून बसतात. मला म्हणतात, इथे उजेड चांगला येतो.

सुट्टीचं नंतर ठरव. आधी फोन कर आणि ‘ही कसली दाढी वाढवलीत?’ म्हणून त्यांना चांगलं रागाव. आई रागवायची तसं.

फोटोत न आलेली, तुझी
छोटी