चपातीच्या डब्याएवढा कन्व्हर्टर

२ एप्रिल २०२४, मंगळवार
आजपासून नियमित रोजनिशी. डिझाइन हेड होणाऱ्या माणसाला शिस्त हवी. कंपनीचे मालक सर्जेरावसाहेब यांना आज शब्दच दिला: हायब्रिड गाडीचा कन्व्हर्टर चपातीच्या डब्यात मावेल एवढा करून दाखवतो. मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज बारावर आणायचं, एवढंच त्याचं काम. त्याला सुटकेसएवढं खोकं कशाला? हाताखालची निलोफर म्हणाली, सर, इत्ता छोटा नक्को करो, जलेगा. नवीन आहे. शिकेल.

९ एप्रिल, पाडवा
डब्यात मावला! चार मिनिटांनी जळका वास. दोष उन्हाचा. पंखा लावला. पंखा डब्याबाहेर आहे, सबब मापात धरायचा नाही.

२० एप्रिल
पंखा गरम हवाच मारतो. आता पाण्याने गार करणार. हे मला आधीच सुचलं होतं (निलोफर बोलल्यावर लगेच). पंप, रेडिएटर, टाकी, सगळं डब्याबाहेर. ती स्वतःचं वेगळं बनवतेय, बुटांच्या खोक्याएवढं. मनात हसलो.

४ मे
पाइप किंचित गळतो. नळाला पाणी आठ दिवसांनी, टँकर सगळे बायपासच्या नव्या बिल्डिंगींकडे. नाइलाजाने ऑफिसचा प्यायचा जार ओतला. दुपारी सगळे माझ्या नावाने बोंबलत होते. संशोधनाची कदरच नाही कुणाला! घरी बायकोला, वैदेहीला म्हटलं, आपल्या ड्रममधून दोन बादल्या नेतो. तिने ड्रमला कुलूप लावलं.

२१ मे, सकाळी
उद्या पुण्याची पार्टी येणार. ऑर्डर मिळाली की मी हेड. डबा बॉनेटखाली चपखल बसला. बाकीच्या सामानासाठी मागची सीट काढली. सीटही डब्याबाहेरच.

२२ मे
पार्टीचे तिघे म्हणाले, चक्कर मारू. ड्रायव्हरशेजारी जागा एकाचीच. गाडी गेटपर्यंत गेली, मग नुसती वाफ. साहेबांनी नुसतं घड्याळ पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग दुसऱ्या गाडीत निलोफरचं खोकं जोडलं. तिघे, साहेब आणि ती खुलताबादचा घाट चढून आले, एसी लावून. मी गेटवरून गाडी ढकलत आत आणली. फार अपमान वाटला. रडू आलं होतं, पण घाम इतका की कुणाला कळलं नाही.

३ जून, सोमवार
हेडची ऑर्डर निघाली. निलोफर मॅडम हुशार आहेत, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. अर्थात त्यांना माझं मार्गदर्शन लागणारच. मला अजून सरच म्हणतात. मुद्दाम दोन दिवसांची रजा मागितली. म्हटलं, बघू कसं निभावतात. लगेच म्हणाल्या, हफ्ताभर लेलो ना सर, काम कुछ नहीं अटकता.