नावाआधीचा लेट

मलकापूर, ता. ४ जून १९१६

चि. गुरुपाद यास चन्नाप्पा अज्जाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. बोरू हातात घेतला की माझं मन दहा ठिकाणी जातं, आणि शाळाही अर्ध्यातच सुटलेली. पण आज बसलोच, कारण गोष्ट जिवावरची आहे.

केरबा गाडीवान काल कोल्हापूरहून आला. त्याने बोर्डिंगात तुझी चौकशी केली, तर साहेब म्हणाले, मुलाचा आजा वारल्याचं मुलानेच अर्जात लिहिलंय. सोमवारी बारा तारखेला कोणी हयात पालक सहीला आला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. केरबाने हे दारातूनच ओरडून सांगितलं. मी आत भाकरी खात होतो. तुझी आज्जी माझ्याकडे बघून रडायला लागली, आणि वर मलाच विचारते, खरं सांगा, बरं वाटतंय न्हवं?

गुरुपादा, तुझ्या बापाच्या माघारी पालक म्हणून मी एकटा. मला का मारलंस? काही चुकलं का माझं? झोप लागत नाही. लगेच कळव.

तुझा, अजून जेवत असलेला,
अज्जा


कोल्हापूर, ता. ७ जून १९१६

ती. स्व. अज्जांच्या चरणी गुरुपादचे शरणार्थ. वि. वि.

तुम्हाला मारायचं स्वप्नातही आलं नव्हतं. अर्जावर तुमची सही नव्हती, म्हणून माझे अज्जा उशिरा येऊन सही करतील असं लिहायचं होतं. तुम्ही रत्नव्वाक्काच्या लग्नात अक्षता पडल्यावर पोचलात, तेव्हा खोटंही नव्हतं. शाळेत उशिरा येणाऱ्याला मास्तर लेट म्हणतात. म्हणून मी लिहिलं, 'माय लेट ग्रँडफादर विल कम.'

आपल्यात अज्जा उशिरा आले काय आणि उशिरा अज्जा आले काय, सारखंच. इंग्रजीत तसं नाही. साहेब म्हणाले, लेट नावाआधी विशेषण होऊन बसला की माणूस लिंगैक्य, म्हणजे वारलेलाच. तोच 'विल कम'च्या मागे क्रियाविशेषण होऊन गेला की नुसता उशीर. मग मी शहाणपणा केला. क्रियाविशेषणाला 'ली' लागतो म्हणून 'विल कम लेटली' केलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. लेटली म्हणजे अलीकडे. यायचा माणूस अलीकडे कसा येईल, असं म्हणाले.

मुलं मला भुताचा नातू म्हणतात. मला इंग्रजी नको, अज्जा. केरबाच्या गाडीने आपल्या दुकानात गूळ तोलायला येतो. आज्जीस शरणार्थ.

आपला, तोंड लपवून बसलेला,
गुरुपाद


मलकापूर, ता. ९ जून १९१६

चि. गुरुपाद यास आशीर्वाद.

दुकानाची पायरी चढलास तर बघ! गूळ तोलायला मी जिवंत आहे. तिथून हलू नकोस, सहीला मी स्वतः येतो. पाऊस लागला तर, बैल लंगडला तर, साहेबांनी इंग्रजीत विचारलं तर, अशा नाना शंका मनात आहेत. तरी येतो. तुझं वाक्य गोठ्यात घोकतोय. बैल कान हलवतात, तेवढा धीर वाटतो.

अज्जा


मलकापूर, ता. १५ जून १९१६

चि. गुरुपाद यास अनेक आशीर्वाद.

घरी सुखरूप पोचलो. त्या दिवशी चाक गाळात रुतलं नसतं तर मी वेळेवर आलो असतो, हे साहेबांना पुन्हा सांग. ते दप्तर बांधतच होते, तेवढ्यात पोचलो. हयात पालक कोण असं त्यांनी विचारलं आणि माझं घोकलेलं सगळं पळालं. तोंडातून आलं ते एवढंच, 'आय केम लेट. आय नॉट लेट ग्रँडफादर.' तू मान खाली घातलीस, ते मी पाहिलं. पण साहेबांनी मधे 'ॲम' घालून पुन्हा म्हणवून घेतलं आणि दौत माझ्यापुढे सरकवली, तेही पाहिलं. सही घाईघाईत केली. नाव वाचता येतंय ना?

जागा मिळाली, आता ती सोडायची नाही. कुठला शब्द कुणाला चिकटतो ते रोज घोक. हसणाऱ्या पोरांना सांग, भुतानं साहेबाशी इंग्रजी बोलून दाखवलं की.

आज्जी आता मला लेट म्हणूनच जेवायला हाक मारते. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस, आणि उत्तर लवकर धाड. सध्या माझा लेट 'केम'च्या मागे गप उभा आहे. पण वय झालं, तो कधी नावाआधी येऊन बसेल त्याचा नेम नाही.

तुझा,
चन्नाप्पा अज्जा