अण्णांच्या आवाजाची डिस्क

मुलुंड पूर्व
१४ जानेवारी २००७

ती. वसुधाआत्यास,
देवेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. फोन अण्णांच्या खाटेशी आहे म्हणून तू हे सगळं लिहून कळवतेस, ते समजलं. मीही फोनवर विषय काढणार नाही. ऑगस्टमध्ये अर्धांगाने त्यांची वाचा गेली आणि पाच महिन्यांत त्यांचा आवाजच तुला आठवेनासा झालाय, हे मी श्रुतिकाला वाचून दाखवलं. तुझी ही भाचेसून लगेच स्टूल घेऊन माळ्यावर चढली.

अण्णा ज्यात बोलतात ती व्हिडिओ कॅसेट सापडली. आमच्या या ब्लॉकच्या वास्तुपूजेची, १९९४ सालची. बाबा गेल्यापासून ती कुणी लावलेली नव्हती. टेपला बुरशी धरली होती. घाटकोपरच्या एका दुकानदाराने ती साफ करून दिली, पण एकदाच चालेल, पुन्हा लावली तर तुटेल, असं बजावलं. तिथेच कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. चाळीस मिनिटं आली, आवाजासकट. मी पडद्याकडे पाहिलं नाही. रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभा होतो.

माझा मामेभाऊ केयूर याने त्याच्या बर्नरवर, म्हणजे डिस्क लिहिणाऱ्या यंत्रावर, डीव्हीडी करून दिली. ती सोबत आहे. अण्णांना माझा नमस्कार सांग, पण मनातल्या मनात. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
देवेश

कणकवली
२६ जानेवारी २००७

चि. देवेश यास अनेक आशीर्वाद.

डिस्क पोचली. दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर लावली. प्लेअर थोडा घरघरला आणि 'नो डिस्क' म्हणाला. पुसून पुन्हा लावली, तरी तेच. बाजारातला दुरुस्तीवाला प्लेअरच गेलाय म्हणाला, पण माझी भजनांची डिस्क त्यात नीट चालते, मग मी प्लेअरला दोष कसा देऊ?

शेवटी त्याची पुस्तिका काढली. चालणाऱ्या डिस्कांत 'डीव्हीडी-आर' लिहिलंय, मध्ये वजाचं चिन्ह. तुझ्या डिस्कवर त्या जागी अधिकचं आहे. एवढा शिकलेला भाचा आणि अधिक-वजात चुकला, असं म्हटलं तर रागावू नकोस.

नवा प्लेअर पाठवतो म्हणशील, तर नको. घरात नवी वस्तू आली की ते नजरेनेच विचारतात, आणि मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही. डिस्क चालेल याची खात्री होईपर्यंत त्यांना काही कळू द्यायचं नाही. हल्ली ते दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असतात. काल कामाला येणारी सुंदराबाई पेज भरवायला आली, तर ताट सरकवून दिलं.

जमेल तेव्हा बघ. घाई नाही असं लिहिणार होते, पण आहे.

तुझी
वसुधाआत्या

मुलुंड पूर्व
५ फेब्रुवारी २००७

ती. आत्यास नमस्कार.

चूक माझीच. दिसायला सारख्या म्हणून मी सगळ्या डिस्का एकच समजत होतो. डीव्हीडी बनवणाऱ्या कंपन्यांचे दोन तट पडले. एकाची वजा आर, दुसऱ्याची अधिक आर. दोन्हींत सारखंच मावतं, पण जुने प्लेअर बहुधा वजावालीच ओळखतात. पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू तर त्यांना आणखी अवघड जाते. केयूरचा बर्नर फक्त अधिकवर लिहिणारा. शिवाय त्याने शेवटची पायरी, डिस्क बंद करण्याची, केलीच नव्हती. तिला फायनलाइझ म्हणतात. ती राहिली तर दुसऱ्याच्या प्लेअरला डिस्कवर काय आहे ते वाचता येत नाही.

शनिवारी अंधेरीला जाऊन अधिक आणि वजा दोन्ही लिहिणारा बर्नर आणला. दुकानदार दुप्पट मावणाऱ्या दोन थरांच्या डिस्का गळ्यात मारत होता. चाळीस मिनिटांना त्या कशाला, म्हणून साध्या वजा आर घेतल्या. सर्वांत कमी वेगाने लिहिली आणि आठवणीने बंद केली.

तळमजल्यावरच्या व्हायोलेट आंटींकडे तुझ्यासारखाच जुना प्लेअर आहे. त्यांच्याकडे लावून पाहिली. चालली. हे एवढ्या मोठ्याने बोलणारे कोण, असं त्यांनी विचारलं. माझ्या आत्याचे यजमान, शाळामास्तर होते, म्हटलं. मग मागे पत्रावळी मांडणारे कोण, असं विचारलं. ते माझे वडील, सांगितलं. या वेळी मी शेवटपर्यंत पाहिलं.

एकीला काही झालं तर असू दे, म्हणून दोन पाठवतोय. लोभ करतेस, तो करत राहा.

देवेश

कणकवली
१९ फेब्रुवारी २००७

चि. देवेश यास आशीर्वाद.

डिस्क चालली. आधी मी एकटीने पाहिली. आवाज अगदी बारीक ठेवला होता, तरी आतल्या खोलीत खाट वाजली. मग लपवण्यात अर्थ नव्हता. सुंदराबाईला हाक मारली, दोघींनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पहिल्यापासून लावली.

ते स्वतःकडे बघतच नव्हते. तुझ्या बाबांकडे, आमच्या सहदेवकडे बघत होते. तो पत्रावळी मांडतोय आणि हे बसल्या जागेवरून त्याला सूचना करतायत. त्याला एक वाक्य पुरं करू देत नाहीत. मला वाटलं, रडतील. रडले नाहीत. संपल्यावर बोटाने पुन्हा लाव अशी खूण केली. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी पेज पुरी खाल्ली.

मला त्यांचा आवाज आठवला, देवेश. आता विसरणार नाही.

श्रुतिकाला माझे आशीर्वाद. मे महिन्यात दोघं या. माया आहे, ती कमी होऊ देऊ नका.

तुझी
वसुधाआत्या

हे पत्र लिहिताना तुझे अण्णा शेजारी होते. त्यांनी पेन मागून घेतलं. खालची ओळ त्यांची आहे, डाव्या हाताने लिहिलेली.

देवेश, सहदेवला मी कधी बोलूच दिलं नाही रे.