केबिनची एकतर्फी काच

३ नोव्हेंबर
जेवताना बाबांनी जाहीर केलं, महिनाअखेर ते दुकानाच्या किल्ल्या सोडणार. उजवा हात फार थरथरतो हल्ली. काच कापायचा हिरा धरवत नाही. किल्ल्या मला द्यायच्या की ताईला, ते महिनाभर दोघांचं काम बघून ठरवू म्हणाले. ताईचं नाव नुसतं मान म्हणून घेतलं असणार. नवऱ्याघरून परत आलेल्या मुलीला वाईट वाटू नये म्हणून. तरी आपली कामगिरी दाखवायला हरकत नाही.
संकल्प : रोज नऊच्या आत दुकानात. रोज एक नवी आयडिया. ताईशी गोड बोलणे (किल्ल्या मिळेपर्यंत).

४ नोव्हेंबर
सव्वाअकराला पोचलो. झोप अर्धवट राहिली की मला व्हिजन येत नाही. ताई कटिंग टेबलावर हिरा चालवत होती, कपाळाला घाम, बोटांना पट्ट्या. घरच्या माणसाला हे शोभत नाही, असं तिला प्रेमाने सांगितलं. तिने माझ्या हातात झाडू दिला. तो मी आमच्या जुन्या कारागिराला, मिशीवाल्याला दिला. ह्याला डेलिगेशन म्हणतात.

७ नोव्हेंबर
पहिली ऑर्डर स्वतः हाताळली. एका मास्तरीणबाईंच्या न्हाणीघराला दुधी काच. खरखरीत बाजू आत ठेवली, गुळगुळीत बाहेर, पुसायला सोपी. निघताना ताई म्हणत होती की खरखरीत बाजू कोरडीकडे ठेव, तिला पाणी लागलं की आरपार दिसायला लागतं. हिला कुठे नाक खुपसू नि कुठे नको असं होतं.

८ नोव्हेंबर
मास्तरीणबाईंचा फोन. सकाळी त्यांच्या सासूबाई आंघोळीला गेल्या, आणि बाहेर व्याही पेपर वाचत बसले होते. पुढचं बाईंना नीट सांगता येईना. मी शांतपणे सुचवलं की सासूबाईंनी पाणी जरा बेताने वापरावं. फोन कट झाला. रेंज नसेल.
संध्याकाळी ताई जाऊन दुसरी काच बसवून आली. पहिली काच सासूबाईंना डोळ्यांसमोर नको होती म्हणे. मी ती घरी आणून बाबांच्या खोलीच्या दाराला लावून टाकली. वाया काही जाऊ द्यायचं नाही. आणि बाबांच्या खोलीत कुठे आलंय पाणी?

१२ नोव्हेंबर
दातांच्या डॉक्टरांकडे टफन (भट्टीत तापवून कडक केलेल्या) काचेचं दार. मापं मीच दिली होती. हँडलचं भोक सांगायचं राहून गेलं, पण त्यात एवढं काय? ताईचं टुमणं सुरू : टफन काच भट्टीतून निघाली की तिला ड्रिल लावायचं नाही, नवीन मागवू. मिशीवाल्यानेही मान डोलावली. दोघांनाही इच्छाशक्ती म्हणजे काय ते माहीत नाही.
दुपारी डॉक्टरांकडे जाऊन ड्रिल लावलं.
दाराचे वाटाण्याएवढे दाणे झाले. सगळ्या दाराचे. खुर्चीवरचा पेशंट तोंडातल्या कापसासकट रस्त्यावर. पण कोणालाही खरचटलं नाही, म्हणजे आमच्या मालाची सुरक्षितता ऐन दवाखान्यात सिद्ध झाली. असा डेमो लोक मुद्दाम ठेवतात.
बाबांना रात्री कळलं. त्यांच्या हातातला चमचा ताटावर वाजत राहिला. थरथर वाढलीय.

१५ नोव्हेंबर
विचार केला. चूक माझ्यात नाही, माणसांत आहे. त्यांच्यावर नजर पाहिजे.
आयडिया : दुकानात माझी केबिन. समोरून एकतर्फी काच, म्हणजे बाहेरच्यांना आरसा आणि आत बसून मला सगळं दिसणार. आणि ती दुहेरी, मधे हवेची पोकळी. बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. छताला सहा दिवे. मालक अंधारात बसत नसतो.
ताईला हे कळताच तिने सुरू केलं. ही काच कुणाची सख्खी नसते, ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूचं दिसतं, आत दिवे लावू नकोस. मला अंधारात बसवायचा डाव माझ्या ताबडतोब लक्षात आला. पोटात दुखतंय तिच्या.

१८ नोव्हेंबर
केबिन झकास! दिवसा रस्त्याचं ऊन थेट दुकानात येतं, सगळं लख्ख दिसतं. निरीक्षणं, बाबांना द्यायला : ताई गिऱ्हाइकांशी गरजेपेक्षा जास्त हसते. एका म्हाताऱ्याला तर जिन्याजवळच्या खिडकीला साधी काच नको, फुटली तरी जागच्या जागी चिकटून राहणारी लॅमिनेटेड घ्या, हे समजवण्यात अर्धी सकाळ घालवली. मिशीवाला मिशा चावतो.
जेवणानंतर थोडा वेळ डोळे मिटून प्लॅनिंग केलं. चार वाजले.

२० नोव्हेंबर
आजची आयडिया : वीज बचत. अंधार पडला की दुकानातले सगळे दिवे बंद. फक्त कटिंग टेबलावरचा एक छोटा चालू. (केबिनचे सोडून. तिथे विचार चालतो.) बाबांना हे नक्की आवडणार.
आणखी एक फायदा सापडला. संध्याकाळी आतून बघितलं तर काचेत बाहेरचं काही दिसत नाही, स्वच्छ आरसा होतो. एका काचेत दोन काचा! ताईने दारातून डोकं घालून पुन्हा तेच दिव्यांचं सांगितलं. मॅनेजर कोण आहे, असं मी विचारलं. ती बरं म्हणाली आणि गेली. शेवटी हिला जागा कळली.

२२ नोव्हेंबर
संध्याकाळची वेळ व्यक्तिमत्त्व विकासाला राखली आहे. पोट आत घेऊन मालकासारखं चालणे. भुवया. नाकातले केस. गिऱ्हाइकाला नकार देताना करायचा चेहरा (अजून जमत नाही, शिंक आल्यासारखा होतो). शेवटी स्वतःला एक सलाम.
दुकानात शिस्त आलीय. पूर्वी अंधार पडला की सगळे पळायचे. आज दार उघडून बघतो तर मिशीवाला थांबलेला, शेजारचा कुलूपवाला, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळे स्टुलं मांडून बसलेले. स्टुलांची तोंडं केबिनकडे. मला बघताच उठले. मिशीवाल्याच्या डोळ्यांत तर पाणी होतं. गडी मनाने चांगला आहे.

२५ नोव्हेंबर
संध्याकाळची गर्दी वाढतेय. आज दातांचे डॉक्टरसुद्धा येऊन गेले. म्हणजे राग गेला. मी बाहेर गेल्यावर ते नवीन दाराचं काही बोललेच नाहीत, नुसता माझा खांदा थोपटला. ताई सगळ्यांना घरी जा, घरी जा म्हणत होती. धंद्याची अक्कल नाही.
आज बायकोपण डबा घेऊन आली होती. बराच वेळ बाहेरच उभी होती म्हणे. घरी आल्यावर एवढंच विचारलं की स्वतःला सलाम ठोकायची सवय कधीपासून लागली. मी चाटच पडलो. नवऱ्याच्या मनातलं बायकोला बरोबर कळतं, हेच खरं.

२८ नोव्हेंबर
आज किल्ल्या स्वीकारण्याच्या भाषणाची तालीम करायची होती. भाषण एकट्याने जमेना. समोर बाबा पाहिजेत. म्हणून मीच दोन्ही झालो.
आधी बाबा. पाठ वाकवली, खालचा ओठ लोंबता सोडला. उजवा हात थरथरवला. आधी थोडा, मग मस्त जमायला लागला. हिरा धरायला जातात आणि तो सुटतो, ते केलं. कप तोंडाला नेतात आणि निम्मा चहा सदऱ्यावर, ते केलं. मग सदरा पुसताना इकडे तिकडे बघतात, कुणी बघितलं तर नाही ना, ते तर हुबेहूब. मला स्वतःलाच इतकं हसू आलं की टेबलाला धरून उभं राहावं लागलं. मग मी मी झालो. बाबांच्या थरथरत्या हातातून किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना ढकलत ढकलत खुर्चीत बसवलं.
तेवढ्यात केबिनचे दिवे गेले.
लाइट गेली वाटलं. पण कटिंग टेबलावरचा दिवा चालू होता. काचेतून सगळं दिसायला लागलं. स्टुलांवरची माणसं. कोणी हसत नव्हतं. मिशीवाला खाली बघत होता. ताईने तोंडावर हात धरला होता.
बाबा दाराजवळच्या बोर्डाशी उभे होते. आज माझं काम बघायला आले होते म्हणे. बटणावरचं त्यांचं बोट थरथरत होतं. त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने धरला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. एका झटक्यात गेला नाही. दोनदा चुकला.
काच चांगल्या क्वालिटीची आहे. बारीकसारीक सगळं दिसतं.

२९ नोव्हेंबर
खरं तर तो आदर होता. मोठ्या माणसांचीच नक्कल करतात लोक. हे बाबांना समजावून सांगायला गेलो. ते म्हणाले, जेवून घे. दुसरं काही नाही. म्हणजे रागावलेले नाहीत.

३० नोव्हेंबर
किल्ल्या ताईला.
हातात दिल्या नाहीत, बाबांनी टेबलावर ठेवल्या आणि तिला उचलून घ्यायला सांगितलं. उजवा हात खिशातून काढलाच नाही. ताई रडली. नाटकी. मला केबिन ठेवायला तिने परवानगी दिली आहे, पण दिव्यांचं बटण बाहेरच्या बोर्डावरच राहणार. मी विचार करून कळवतो म्हणालो.

२ डिसेंबर
बाबा आता चहा आमच्याबरोबर घेत नाहीत. बायकोच त्यांच्या खोलीत कप ठेवून येते आणि दार ओढून घेते. मी म्हटलं, जाऊन दोन शब्द बोलावे, म्हातारं माणूस आहे, त्यांनाही चुकल्यासारखं वाटत असेल.
दारापर्यंत गेलो. दुधी काच मीच लावलेली, आतून दिव्याचा उजेड. नुसता आकार दिसत होता. पाठ वाकलेली. कप वर जायचा, मधेच थांबायचा, खाली यायचा. पुन्हा वर. मी काचेजवळ तोंड नेऊन बाबा अशी हाक मारली.
कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ बटण चाचपडल्याचा. आणि त्यांनी आतला दिवा बंद केला.
वीज बचत. माझ्याकडूनच शिकले असणार.