मिनिटाला एक थेंब

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. जुन्या बनियनात गुंडाळलेली तेलाची डबी, व्हॉल्व्ह, दोन हात नळी आणि वर तुझ्या अक्षरातली चार पानं सूचना. तू कारखान्यातून निवृत्त झालास, पण तुझ्यातला फिटर काही निवृत्त होत नाही. फोनवर तू समजावण्याआधी ओरडतोस, म्हणून हे पत्र.

रविवारी सगळं मोटरसायकलवर बसवलं. डबी सीटखाली, नळी मागच्या चाकाच्या दांड्याखालून, आणि तिचं टोक चेनच्या मागच्या चक्रीला जेमतेम टेकलेलं. इंजिन चालू केलं तर थेंब म्हणून येईना. अर्धा तास तुझा उद्धार केला, मग दिसलं की नळीत हवेचा बुडबुडा अडकलाय. तो काढला, पुठ्ठ्यावर पहिला थेंब पडला आणि मी अंगणात एकटीच नाचले. शेजारच्या काकूंना वाटलं, मला काहीतरी चावलं.

आई मात्र शिवणावरून उठली नाही. बंद गाडीत बसली की दहाव्या मिनिटाला तिला उलटी होते, आणि मोटरसायकलचं नाव काढलं की ती कोपरावरचा व्रण दाखवते. पस्तीस वर्षांपूर्वी, मी जन्मायच्याही आधी, तुझ्या गाडीची चेन तुटून तुम्ही दोघं भावंडं आपटलात, त्यानंतर ती कुणाच्याच मागे बसलेली नाही. इकडे तुझं कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून दिवसातून दहादा तुझं नाव घेते. चार वर्षं तुम्ही एकमेकांना पाहिलं नाही. आता चेन कोरडी पडूच शकत नाही हे तिला पटवायचं आणि एप्रिलमध्ये तिला मागे बसवून तुझ्याकडे आणायचं, असं मी ठरवलंय.

लोभ आहेच, तोही असाच थेंबाथेंबाने पोचवत राहा.

तुझी,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

नाचलीस ते ठीक, पण नाचण्याआधी थेंब मोजलेस का? मिनिटाला एक. दुसरा नको. तेल जास्त झालं की ते टायरवर उडतं, आणि तेलकट टायर म्हणजे केळीच्या सालीवर उभं राहणं. तू शिवणमशिनी दुरुस्त करत गावोगाव फिरतेस, त्यामुळे हाताशी असलेलं मशीनचं पातळ तेल डबीत ओतशील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. ते नको. नव्वद नंबरचं जाड तेल घाल. रोज सकाळी निघण्याआधी चेनवर बोट फिरव. बोटाला काळपट ओल लागली की समज सगळं ठीक आहे.

तुझ्या आईवर जबरदस्ती करू नकोस. त्या दिवशी चेन कोरडी ठणठणीत निघाली हे खरं. मी नानांना शपथेवर सांगितलं की तेल घातलं होतं, तर वडील म्हणून त्यांनी मला खोटारडा ठरवून महिनाभर गाडीची किल्ली काढून घेतली. पुढे मलाच वाटायला लागलं की विसरलो असेन. ताई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ही डबी करायला मी दोन महिने का घालवले, ते तुझ्या मामीला अजून कळलेलं नाही. तिला वाटतं, मला घरात करमत नाही.

डॉक्टर रोज चालायला सांगतात. मी काठी टेकत खिडकीपर्यंत जातो आणि परत येतो. चालून जायचं तरी कुठे?

मामीचा नमस्कार आणि माझी माया, दोन्ही वेगवेगळे मोजून घे.

तुझा,
मामा

२४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण तुझ्या डबीचं काहीतरी बिनसलंय. रोज सकाळी बोट फिरवते, बोट जसंच्या तसं स्वच्छ. चेन नव्यासारखी चकचकते आणि निघताना पहिला मैलभर करकरते. डबीतलं तेल मात्र रोज कमी होतं. मी थेंब दोन केले, मग तीन केले. परवा वळणावर मागचं चाक सटकलं. पडले नाही, पाय टेकवून सावरलं. उतरून पाहिलं तर टायरची कड तेलाने माखलेली.

परत एकावर आणलं. काल सुट्टी घेऊन दुपारपर्यंत गाडीखाली आडवी होते. नळी फुटलेली नाही, टोक तुंबलेलं नाही. शेवटी वैतागून म्हणाले की मामाचा व्हॉल्व्हच बोगस आहे, त्याला आता हे जमत नाही. आई दारात काजं करत बसली होती. तिची सुई थांबली. काम तसंच ठेवून ती आत गेली. अशा गाडीवर तिला बसवायचं धाडस मलाच होत नाही, मामा. एप्रिलचं जमेलसं वाटत नाही.

जमलं तर उपाय कळव, नाही तर निदान शिव्या तरी कळव.

तुझी,
भिंगरी

२८ मार्च

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझं पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. तुझा व्हॉल्व्ह बोगस नाही. तुझ्या हातचं काम आणि बोगस, हे मला ऐकवेना, म्हणून मुलीला खरं सांगितलं आणि आता तुला सांगते.

चेन मी पुसत होते. आम्हा शिवणाऱ्यांची रीत तुला माहीत आहे. मशीनला तेल दिलं की जास्तीचं सगळं टिपून घ्यायचं, आधी चिंधीवर टीप मारून बघायची, आणि मगच चांगलं कापड सुईखाली घालायचं. पोरगी दिवसभर त्या गाडीवर असते. मागे बसायची हिंमत नाही, निदान तिची गाडी तरी स्वच्छ ठेवावी, म्हणून रोज ती उठायच्या आत रॉकेलच्या फडक्याने चेन लख्ख करायचे. कौतुक होईल असं वाटत होतं. गेल्या आठवड्यात तिचं चाक सटकलं ते माझ्या या मायेपायी, हे कळल्यावर मी ते फडकंच फेकून दिलं. ती मात्र जमिनीवर बसून पोट धरून हसली. मग मला शेजारी बसवून चाक हाताने फिरवून दाखवलं. चेनला ते तेल अंगावर हवंच असतं, टिपायचं नसतं, हे साठाव्या वर्षी समजलं.

आणि तिथेच मला आपली जुनी गाडी आठवली. शिवलेले गणवेश दुकानात पोचवायला मी तुझ्या मागे बसायचे. रविवारी तू तेल घालायचास. सोमवारी मी ते पुसायचे, पांढऱ्या कापडावर शिंतोडे नकोत म्हणून. दर सोमवारी, भाऊ. नानांपुढे तू खरं बोलत होतास. मला तेव्हा कळलं नाही, आणि तू पस्तीस वर्षं खोटारडा राहिलास.

म्हणून मी येते आहे. थोरली बहीण आहे, पण तुझा कान धरायला नाही, स्वतःचे पकडायला. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी निघू, मध्ये एक मुक्काम करू, रविवारी दुपारी पोचू. काल चौकापर्यंत बसून पाहिलं. पोरीच्या कमरेला इतकी गच्च मिठी मारली की तिला श्वास घेता येईना, पण बसले.

राग आला असेल तर साठवून ठेव, समोरासमोर घेईन.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा रडलो, तिसऱ्यांदा तुझ्या भावजयीला मोठ्याने वाचून दाखवलं. राग शोधला, सापडला नाही. मी तेल घातलं होतं! हे आज मी तिला चार वेळा सांगितलं, आणि दूधवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं.

तू कुठल्या बाजूने येशील ते बघायला दुपारी उठलो आणि चालत चालत फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेलो. तिथे पोचल्यावर लक्षात आलं की काठी घरातच राहिली आहे.

तुझा,
भाऊ